साहेबाचा बंगला

"याचं? याचं कापडाचं दुकान आहे," असं ताई म्हणाली आणि त्याच्या कानशिलात कुणी सणसणीत लगावल्यासारखं त्याला झालं. ताई आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती अशातला भाग नाही. लहानपणी त्याला वाचवायला ती वडिलांपुढे धडधडीत खोटं बोलायची, आणि वर डोळ्यांत पाणीही आणायची. पण ती पोरवयातली गोष्ट. आज सत्तरीला टेकलेली ताई, भर भाजीबाजारात, ओल्या कपड्यांनी आणि ओल्या चपलांनी उभी राहून खोटं बोलली, आणि इतकं सहज बोलली की समोरच्या लिंबूवालीला शंकासुद्धा आली नाही. "असं होय," लिंबूवाली म्हणाली, "मला वाटलं पालिकेतले आहेत. दिसतात तसे." आणि तो? त्याने मान हलवली. हो, कापडाचं दुकान. उभी हयात पालिकेत घालवलेला माणूस एका वाक्यात कापडदुकानदार झाला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला हायसं वाटलं. लाज मागाहून आली. हे त्याच्या लक्षात आलं ते टॅक्सीत बसल्यावर, आणि लक्षात आल्याबरोबर त्याने खिडकीची काच खाली केली.

काच खाली केली ती स्वतःला गुदमरल्यासारखं झालं म्हणून, पण ताईला वाटलं वासामुळे. तिने पिशवीतून डॉक्टरांकडच्या कागदांची मोठी पाकिटं काढली आणि सीटवर पसरून त्यांवर अंग चोरून बसली. "बिचाऱ्याची गादी खराब व्हायला नको," ती टॅक्सीवाल्याकडे बघत हळूच म्हणाली. बोलायला तोंड उघडलं तर नको तेच बाहेर पडेल अशी त्याला भीती वाटत होती. आपण तोंडाने श्वास घेतोय, नाकाने नाही, हेही त्याच्या मध्येच ध्यानात आलं. ज्या बाईने आपले लंगोट धुतले तिच्या शेजारी बसून आपण तोंडाने श्वास घेतो. वा रे भाऊ! त्याने मुद्दाम नाकाने एक खोल श्वास घेतला, आणि असा मुद्दाम घ्यावा लागला याचीच त्याला आणखी लाज वाटली. बाहेर दुकानं, सिग्नल, फुटपाथ, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. सुट्टीचा दिवस होता. मुलं बापाच्या खांद्यावर बसून फिरत होती. ताई खिडकीबाहेर बघत, जणू काही झालंच नाही अशी म्हणाली, "शहर बाकी वाढलं हो तुमचं."

झालं होतं ते इतकंच. ताई डोळे दाखवायला त्याच्याकडे आली होती. डॉक्टरांकडे बराच वेळ बसावं लागलं. रक्तदाबाच्या गोळीमुळे तिला हल्ली सारखं जावं लागतं. तिथल्या पोरीने तिला आपणहून विचारलं, "आजी, जाऊन येताय का? आतल्या बाजूला आहे." ताईने मान हलवली आणि त्याच्या कानाशी येऊन डोळे मिचकावत म्हणाली, "इथं कशाला? भावाने बाजारात बायकांसाठी एवढं बांधून ठेवलंय, त्याचं उद्घाटन मी केल्याशिवाय कसं व्हायचं?" त्यावर तो हसला होता. तो हसला होता, आणि हसताना त्याला तिथलं कुलूप आठवलेलं होतं. अजिबात आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण आठवलं होतं. किल्ली ऑफिसात टेबलाच्या खणात आहे, ऑफिस आज बंद आहे, हे सगळं आठवलं होतं. तरी त्याने मनाशी जुळवलं की ताईला बाहेरून दाखवू, भिंतीवरची पाटी वाचून दाखवू, मग शेजारच्या चहावाल्याकडे नेऊ. वेळ मारून नेऊ. वेळ मारून नेणं हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. वेळ मेली नाही, ती दारात येऊन उभी राहिली. ताईने हसत हसत दाराला हात लावला, कुलूप बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "अरे छोट्या," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातलं हसू निघून गेलं, "अरे, मला आता थांबवत नाही रे."

तो कुलूप ओढत बसला. उघडणार नाही हे ठाऊक असलेलं कुलूप माणूस का ओढतो? काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. ऑफिसातही तो हेच करायचा. तेवढ्यात पलीकडून लिंबूवाली ओरडली, "अहो, ते उघडत नाही! ते दाखवायचं आहे, वापरायचं नाही." चार जणी हसल्या. "साहेबाचा बंगला आहे तो," लिंबूवाली म्हणाली, "किल्ली साहेबाकडे असते. पाहुणे आले की त्यांच्या घोळक्यात येतो, तोंडसुद्धा धड दिसत नाही, चपला बाहेर काढून आत जातो, आतून फरशी बघून खूश होतो आणि परत कुलूप ठोकून जातो. आम्ही इथं सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. लिंबं विकते मी, पण सरबत म्हणाल तर सणासुदीला." पुन्हा हशा झाला. त्या हशातच त्याने ताईकडे बघितलं. ताईने भिंतीला हात टेकला होता आणि ती खाली बघत होती. तिच्या पायांशी फरसबंदीवर ओल पसरत होती, हळूहळू, चिरांमधून वाट काढत. हसणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. लिंबूवाली आपली पाण्याची बाटली घेऊन धावत आली, ताईच्या पायांवर पाणी ओतलं, तिला आपल्या अंगाआड घेतलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांवर "काय बघताय? पुढे व्हा!" म्हणून खेकसली. आणि तो एक पाऊल मागे सरकला होता. का सरकला? चपला भिजतील म्हणून? लोकांना आपण हिच्याबरोबरचे वाटू नये म्हणून? एकच पाऊल, पण मागे. मग लिंबूवालीने त्याच्याकडे मान वर करून विचारलं, "तुमच्या कोण या? तुम्ही पालिकेतले का हो?" आणि त्याच्या आधी ताई बोलली.

लहानपणी ते राहायचे तिथे खोल्यांच्या रांगेच्या शेवटी सगळ्यांची मिळून संडासांची एक ओळ होती. बायकांच्या बाजूच्या दाराची कडी कायमची मोडलेली. घरमालकाला सांगून सांगून लोक थकले, कडी काही लागली नाही. तेव्हा ताई आत गेली की मोठमोठ्याने पाढे म्हणायची. बाहेरच्यांना कळावं की आत माणूस आहे. सतराचा, एकोणीसचा, असे अवघड पाढे, कारण सोपे लवकर संपतात. सगळी रांग त्यावर हसायची. "आज एकोणीसचा चाललाय वाटतं," म्हणून शेजारचा टेलर ओरडायचा. त्याला स्वतःला तर ती फार मोठी गंमत वाटायची. ताईचं ऐकून ऐकून त्याचे पाढे पाठ झाले आणि शाळेत त्याची वाहवा झाली. मग एका वर्षी ताई पाढे म्हणायची बंद झाली. उजाडायच्या आधी उठून जायला लागली, आणि त्यानंतर दिवसभर नाही. दुपारी पोट धरून कोपऱ्यात बसायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय. मोठ्या झालेल्या मुलीला त्या मोडक्या कडीचं आणि त्या हशाचं काय वाटत असेल हे त्याला कळायला पुष्कळ वर्षं लागली. कळलं तेव्हा तो पालिकेत नोकरीला लागला होता आणि भाजीबाजाराच्या सफाईची जबाबदारी त्याच्याकडे आली होती. बाजारात पाऊणशे बायका बसायच्या आणि त्यांच्यासाठी एक आडोसासुद्धा नव्हता. त्याने मनाशी ठरवलं की हे एवढं आपण करायचंच. कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवात खरोखर चांगली होती, आणि आज तेच त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं. मुळात लबाड असता तर एवढी लाज वाटली नसती.

आणि किती खस्ता काढल्या त्याने! दुकानदार म्हणायचे, "बांधा हो, जरूर बांधा, काळाची गरज आहे, फक्त माझ्या दुकानासमोर नको." सगळ्यांचं तेच म्हणणं, फक्त प्रत्येकाचं दुकान वेगळं. नगरसेवकाला त्या जागेवर घड्याळाचा मनोरा हवा होता, कारण मनोऱ्यावर नाव कोरता येतं. जागा रस्ते खात्याची की बाजार खात्याची यावर दोन्ही खाती भांडत राहिली, आणि दोघांनाही ती नको होती. पाणी खातं म्हणायचं, आधी नाली आणा. नालीवाले म्हणायचे, आधी पाणी दाखवा. फाइल आपल्या पायांनी चालत नाही, म्हणून तो स्वतःच ती काखेत मारून या मजल्यावरून त्या मजल्यावर हिंडायचा. शिपाई पाठीमागे त्याला मुतारीवाले साहेब म्हणायचे. त्याने ते घरी गंमत म्हणून सांगितलं तर बायको म्हणाली, "बाहेर कुणाला सांगू नका." तरी तो हटला नाही. हेही खरं की त्या वर्षांत त्याला सकाळी उठून ऑफिसला जावंसं वाटायचं. आणि ज्या दिवशी प्लंबरने पहिल्यांदा नळ सोडला, नळ खोकला, त्याने गढूळ पाण्याची एक गुळणी टाकली आणि मग स्वच्छ धार लागली, तेव्हा त्या धारेखाली हात धरून तो किती तरी वेळ उभा राहिला होता. बाहेर बायका माना उंच करून बघत होत्या. त्यांतल्या एकीने टाळी वाजवली. त्या टाळीवर तो पुढची कित्येक वर्षं जगला म्हटलं तरी चालेल. लिंबूवालीच होती की काय ती? त्याने चेहरा नीट बघितलाच नव्हता.

बांधायला मंजुरी होती, राखायला नव्हती. साफ करायला माणूस द्या म्हटलं तर वरून उत्तर आलं की पदच नाही. पहिल्याच आठवड्यात एक नळ चोरीला गेला, कुणीतरी भांड्यात कोबीचा पाला कोंबला, फरशीवर चिखलाची पावलं उमटली. त्याला ते बघवेना. आपल्या पोराला कुणी मारल्यासारखं त्याला वाटायचं. इतक्यात शहरातल्या सोयींची पाहणी करायला समिती येणार असं कळलं, आणि त्याने सगळं धुऊनपुसून घेतलं आणि पाहणी होईपर्यंत म्हणून स्वतःच्या हाताने कुलूप घातलं. समितीने बघितलं, वाहवा केली, भिंतीवर आदर्श महिला स्वच्छतागृह अशी पाटी लागली. सगळ्यात स्वच्छ! असणारच की. जिथं कुणी पाऊल टाकत नाही ते अस्वच्छ होईल कसं? हे समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की आलं आणि त्यांनी गिळलं, देव जाणे. मग दुसऱ्या शहरांच्या पालिकांमधून लोक बघायला येऊ लागले. पाहुणे आले की तो खणातून किल्ली काढायचा, त्यांना घेऊन यायचा, चपला-बूट बाहेर काढायला लावायचा आणि मोज्यांनिशी आत न्यायचा. मोजे घातलेले पाच-सात अधिकारी संडासात उभे राहून फरशीचं कौतुक करतायत! तेव्हा त्याला यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. त्याच्या बायकोचं एक काचेचं कपाट होतं, त्यात पाहुण्यांसाठीचे चांगले कप असायचे, आणि घरच्यांनी त्यांना हात लावला की ती ओरडायची. त्यावरून तो तिला चिडवायचा. पाहणी होईपर्यंतचं कुलूप पुढच्या पाहणीपर्यंत राहिलं, तिच्या पुढच्यापर्यंत राहिलं. कधी कधी पाहुणे नसतानाही तो दुपारचा गर्दीतून एकटाच जायचा, आतून दार लावून उभा राहायचा. थंडगार, पांढरं, शांत. नव्या फरशीचा वास. बाहेरून बायकांच्या ओरडण्याचा आवाज यायचा, भाव सांगण्याचा, भांडणाचा. त्याला फार समाधान वाटायचं. हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि आज तो स्वतःलाही सांगायला तयार नव्हता, पण आठवण काही परवानगी मागून येत नाही.

घरी आल्यावर ताई तडक न्हाणीघरात गेली. कपडे तिने स्वतःच धुतले, कुणाला हात लावू दिला नाही. बायकोने खुणेने विचारलं, काय झालं? त्याने सांगितलं, पाणी सांडलं. आता तोही खोटं बोलायला लागला होता. बाहेर येऊन ताई ओले केस पुसत खुर्चीवर बसली तेव्हा बायको हौसेने म्हणाली, "मग ताई, बघितलंत का यांचं काम? गेल्या वर्षी कुठून कुठून लोक येऊन गेले." तो पेपर डोळ्यांसमोर धरून बसला होता. "बघितलं की," ताई म्हणाली, "फारच छान आहे. फरशी अशी गुळगुळीत, आणि पाणी काय, उजेड काय! बायकांची किती सोय झाली." न बघितलेल्या फरशीचं ती एवढं रंगवून सांगत होती की त्याला वाटलं, उठावं आणि भिंतीवर डोकं आपटावं. तो उठला नाही. "मीठ कमी आहे का हो आज?" बायकोने जेवताना विचारलं, आणि तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे." ताईच्या ताटाशेजारचा पाण्याचा पेला जेवण संपलं तरी भरलेलाच होता. उद्या दुपारची तिची बस होती, आणि ती आत्तापासूनच पाणी तोडत होती.

सकाळी बायको भाजी आणायला खाली गेली तेव्हा ताई पिशवी भरत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. लहानपणी बोलणी खायची असली की तो असाच बसायचा. "ताई," तो म्हणाला, "कालचं..."

"कालचं काय घेऊन बसलास? वय झालं माझं. गोळी सकाळी घ्यायलाच नको होती. माझीच चूक."

"तुझी कसली चूक! ताई, ते कुलूप..."

"अरे, होतं असं म्हातारपणी. तुझ्या भावजींचं शेवटी शेवटी काय झालं होतं आठवत नाही का?"

"किल्ली माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "ताई, तो साहेब म्हणजे मीच."

ताईने कपड्याची घडी मांडीवर ठेवली. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ती बाई म्हणाली ना, किल्ली साहेबाकडे असते. मग साहेब दुसरा कोण? पत्रातून, फोनवरून इतकी वर्षं तूच सांगतोयस ना, माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही म्हणून."

"मग दुकानाचं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं? सांग की." ती रागावलेली नव्हती, खरोखर विचारत होती. "हा माझा भाऊ, यानेच हे बांधलं आणि यानेच बंद केलं, असं सांगायचं होतं? त्या बायांनी तुला तिथल्या तिथं टोमॅटोने मारलं असतं." ती जराशी हसली, पण हसू टिकलं नाही. "मला एकच कळत नाही छोट्या. आमच्याकडे सगळ्यांना मी सांगून आले होते. डॉक्टरीणबाईंना, दूधवाल्याला, शेजारणींना, सगळ्यांना. माझा भाऊ, माझा भाऊ. आता त्या विचारतील, बघून आलात का, कसं आहे? तर मी त्यांना काय सांगू, तेवढं मला नीट सांगून ठेव. इथं खोटं बोलले ते वेळ आली म्हणून. तिथं रोज उठून मला नाही जमायचं."

एरवी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला वाक्यात गुंडाळण्यात तो पटाईत होता: लक्ष घालतो, बघून घेतो, वर कळवलंय. त्यातलं एकही वाक्य ताईपुढे ठेवण्याजोगं नव्हतं. "बसच्या वेळेला येतो," एवढं म्हणून तो उठला. ताई म्हणाली, "डबा विसरू नकोस," आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

ऑफिसात शिरताना मोठे साहेब जिन्यातच भेटले. मोठे साहेब कुठल्याही गोष्टीला 'हळूहळू' म्हणायचे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना हळूसाहेब म्हणायचं. "बरं झालं भेटलात," ते म्हणाले, "समिती या आठवड्यात परत येतेय. आपल्या त्या बाजारातल्या प्रकरणाकडे बघून घ्या. फरशीवर पाऊल दिसता कामा नये." तो म्हणाला, "साहेब, मी म्हणत होतो, ते आता उघडून टाकावं." हे तो फार हळू बोलला, आणि बोलताना जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. मोठे साहेब दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उघडू की. उघडायचंच आहे. पण पाहणी होऊन जाऊ द्या, मग माणूस मागू, माणूस मिळाला की हळूहळू उघडू. इतकी वर्षं थांबल्या बायका, अजून चार दिवसांनी काय बिघडतंय?" त्यांच्या या बोलण्यात चुकीचं असं काही नव्हतं, हेच वाक्य तो स्वतः इतकी वर्षं स्वतःशी बोलत आला होता. दुसऱ्याच्या तोंडून ते कसं लागतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. आता काहीतरी ठणकावून बोलायला हवं होतं. ताईचं नाव घ्यायला हवं होतं. तो म्हणाला, "हो साहेब." वर गेला, खण उघडला, पाहुण्यांच्या सह्यांची वही बाजूला सारून किल्ली घेतली, खिशात टाकली आणि मागच्या जिन्याने उतरला. चोरासारखा. चांगलं काम करायला निघालो तेही चोरासारखे, असं त्याला वाटलं, आणि तरी पाय थांबले नाहीत, एवढंच काय ते नशीब.

कुलूप कडक झालं होतं, किल्ली दोनदा अडकली. दोन्ही दारं त्याने सताड उघडली, नळ सोडून बघितले, दिवा लावला, कोपऱ्यातली कोळीष्टकं हातरुमालाने काढली. मग बाहेर येऊन दाराशी उभा राहिला. टॅक्सीत असताना, घरी पडल्या पडल्या, आत्ता चालत येताना त्याने हे चित्र मनाशी पुष्कळदा बघितलं होतं: दार उघडलंय, बायका येतायत, आणि आपण सांगतोय की चूक माझी होती. प्रत्यक्षात कुणीच आलं नाही. बाजार आपल्या आवाजात चालला होता. बायका त्याच्याकडे बघायच्या, उघड्या दाराकडे बघायच्या आणि मान फिरवून मालावर पाणी मारायला लागायच्या. गाजरं घेऊन बसलेली एक तरुण बाई उठून दोन पावलं आली, त्याला बघून अडली, आणि काहीतरी विसरल्यासारखं करत परत जागेवर जाऊन बसली. त्याने तिच्याकडे बघून ओळखीचं हसू केलं, तर ती पार दुसरीकडेच तोंड करून बसली. कोण विश्वास ठेवणार? पाहुणे यायचे असतील, आत गेलं तर आरडाओरडा होईल, असंच त्यांना वाटत असणार. तो घामाने निथळत होता. शेवटी लिंबूवाली टोपली शेजारणीच्या स्वाधीन करून कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय हो कापडवाले, तुम्ही कसे इथं? आणि हे उघडलं कुणी?"

"माझं कापडाचं दुकान नाही," तो म्हणाला. "मी पालिकेत आहे. हे मीच बांधलं आणि कुलूपही मीच घातलं. किल्ली माझ्याकडेच होती."

याच्यापुढे त्याने पुष्कळ ठरवलं होतं. पद मंजूर नव्हतं, नळ चोरीला गेले होते, मुळात हेतू काय होता, हे सगळं. पण तोंड तिथंच बंद पडलं. लिंबूवालीने दाराशेजारच्या फरसबंदीकडे बघितलं.

"आणि त्या कालच्या?"

"माझी थोरली बहीण. सख्खी."

तिने जीभ टाळ्याला लावून नुसता 'च्' केला. त्याने मान खाली घातली. तिने शिव्या द्याव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. चारचौघांत तोंडावर चार शिव्या बसल्या असत्या तर त्या घेऊन तो घरी जाऊ शकला असता, ताईला सांगू शकला असता. आजूबाजूच्या बायकाही माना वर करून बघायला लागल्या होत्या. आता ओरडेल, आता ओरडेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

"बरं," लिंबूवाली म्हणाली. "आता बाजूला व्हा."

"अं?"

"बाजूला व्हा म्हटलं. दारात उभे आहात तुम्ही. पुरुष माणूस असा दारात पहारा दिल्यासारखा उभा राहिला तर आत जायचं कसं कुणी?"

तो गडबडीने बाजूला झाला, भिंतीशी टेकून उभा राहिला.

"तिथं नाही. पलीकडे."

तो कोबीच्या पोत्यांपर्यंत गेला आणि वळून बघायला लागला.

"अजून. आणि तोंड तिकडे करा!"

त्याने तोंड फिरवलं. समोर पोत्यांची उतरंड होती आणि तिच्यापलीकडे रिकाम्या गाड्या. मागे चपलांचा आवाज आला, आधी एकीचा, मग दोघी-तिघींचा. कुणीतरी दबकं हसलं. "अगं थांब, आधी मी," असं कुणी म्हणालं, दुसरी म्हणाली, "जा बाई लवकर, माझा जीव चाललाय," आणि मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. तो थबकला. एवढं लांब पुरे असेल असं त्याला वाटलं.

"अजून लांब, साहेब!" लिंबूवाली ओरडली, आणि तो चालायला लागला.